शेवटचा माणूस उठेपर्यंत

सगळा दोष माझ्या तोंडाचा आहे. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला शिव्या घालायला तुम्ही मोकळे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची हिवाळ्यातली सकाळ. इंदूरच्या तुकोगंजातली एक बाग. आमचा पहिला कार्यक्रम. श्रोते अकरा, त्यांतले चार आमच्याच घरचे. मी ढोलक गळ्यात अडकवून पुढं आलो. सुरुवातीला दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडं होतं. दोन शब्दांत माझं कधीच भागलेलं नाही. समोर माणसं दिसली की माझ्या अंगात कोणीतरी नट शिरतो. त्या दिवशीही शिरला. मी उजवा हात आभाळाकडं नेला आणि गर्जना केली, "मायबाप रसिकहो! या बागेत आमच्यासमोर एक जरी माणूस बसलेला असेल, तोपर्यंत आमचं गाणं संपणार नाही!"

टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला. असली वाक्यं टाळी घेण्यासाठी असतात आणि टाळीबरोबर विरून जातात, हे निवेदन करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. विमलताईंना माहीत नव्हतं.

विमलताई आमच्या गायिका. महूच्या छावणीजवळ वाढलेल्या. आजोबा फौजेत, वडील फौजेत, त्या स्वतः प्राथमिक शाळेत मास्तरीण. तिन्ही पिढ्यांत दिलेला शब्द मोडायची पद्धत नव्हती. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"दिनू, तू जे बोललास ते आपल्या तिघांच्या वतीनं बोललास ना?"

"ताई, ते आपलं असंच..."

"असंच म्हणजे? माणसांसमोर बोललास. आता पाळायचं."

तिसरे बद्रीजी. सरकारी दप्तरातले बाबू, पेटी वाजवायचे आणि स्वतःच्या जुन्या व्हॅनमधून आम्हाला न्यायचे. ते पेटीचा भाता बंद करत म्हणाले, "ले भिया, अब भुगत."

भोगलं.

अंकाच्या संपादकांनी मला 'तुमच्या कलाप्रवासाविषयी' लिहायला सांगितलंय. कलेचं मला फारसं कळत नाही, पण प्रवास भरपूर झाला. त्या व्हॅनची मागची सीट माझी कंबर अजून विसरलेली नाही. माझं खरं काम पोलोग्राउंडला, लेथचं छोटं वर्कशॉप. तिथं सकाळी दहाला शटर उघडायचं, त्याआधी बाग उरकायची. रविवारी आणि सणावारी गाव गाठायचं. देवास, धार, महेश्वर, कुठं गणपती, कुठं जयंती, कुठं मुलींचा संजा, म्हणजे माळव्यातला भोंडलाच. मानधन घ्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. त्यामुळं लोक आमच्याकडं संशयानं बघत. "कौन सी पार्टी के हो, भिया?" हा प्रश्न इतक्या वेळा आला की बद्रीजी उत्तर द्यायचे, "हारी हुई के." मग लोक निवांत व्हायचे आणि पोहे मागवायचे.

ज्यांनी हा उद्योग कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उघड्यावर गाणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरणं. सभागृहात भिंती आवाज परत देतात, बागेत झाडं तो पिऊन टाकतात. म्हणून नवख्या मंडळींना बागेच्या मधोमध गोल चबुतरा दिसला की आनंद होतो आणि तिथंच ती फसतात. आम्ही पाठीला भिंत शोधायचो. पंपहाउसची असो, पाण्याच्या टाकीची असो, एकदा तर सार्वजनिक मुतारीची होती. आवाज उत्तम आला. श्रोते जरा लांब बसले.

दुसरी भानगड ढोलकाची. सकाळच्या दवानं कातडं सैल पडतं आणि उन्हानं ताणलं जातं. सहा वाजता जो ढोलक ओल्या गोणपाटासारखा वाजतो, तोच नऊला टणटण करायला लागतो. त्यामुळं दर दोन गाण्यांनंतर दोरीतल्या कड्या वरखाली सरकवत बसायचं, आणि सरकवताना तोंडानं काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे लोकांना वाटतं हाही कार्यक्रमाचाच भाग. माझी निम्मी विनोदबुद्धी त्या कड्यांनी घडवली आहे.

आणि तिसरी गोष्ट, बागेतला श्रोता चालत असतो. त्याचा एक फेरा सात मिनिटांचा, गाणं त्याला तुकड्या-तुकड्यांत मिळतं. ताईंचं एक हुकमी गाणं होतं, महूतल्या आजीकडून आलेलं. मुलगी सासरी निघालीय, बैलगाडीत बसलीय, आणि गाडीवानाला विनवतेय:

"हळू हाक गाडी दादा, मागं उभे माझे बाबा."

पुढच्या कडव्यात बाबांच्या जागी काका, मग मावशी, मग भाऊ, आणि सगळ्यांत शेवटी आई. आईवर गाणं संपतं. पण हवं तर त्यापुढं शेपूट कितीही वाढवता येतं. विहीर उभी आहे, लिंब उभा आहे, गाय उभी आहे. ताई गरजेप्रमाणं गाव उभं करायच्या.

एक गृहस्थ रोज जोरजोरात हात हलवत चालायचे. दर फेऱ्याला त्यांच्या कानावर एक नवा नातेवाईक पडायचा. चौथ्या फेऱ्याला ते थांबले, धापा टाकत माझ्या कानाशी आले आणि विचारलं, "भिया, लड़की पहुँची कि नहीं?"

"अजून वेशीवरच आहे, साहेब."

"इतने में तो मैं भोपाल पहुँच जाता," असं म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले आणि दोघं बसूनच ऐकू लागले. त्या दिवशी माझी छाती अशी फुगली की ढोलकाचा पट्टा तुटायचा बाकी होता.

आता त्या शब्दाकडं वळतो.

पहिली काही वर्षं माझ्या शब्दानं फारसा त्रास दिला नाही. माणसं आपापल्या कामाला उठतात. ऊन वर आलं की बाग रिकामी होते. शेवटचा श्रोता उठला की ताई चालू ओळ पूर्ण करायच्या आणि थांबायच्या. मग आला तो दिवस.

थंडीचे दिवस, सातची वेळ, तीच तुकोगंजातली बाग, पाठीला पाण्याच्या टाकीची भिंत. समोर बाकावर एक वृद्ध गृहस्थ. लोकरी टोपी, मफलर, गुडघ्यावर दोन्ही हात. आठला बाकी सगळे गेले. हे बसलेले. नऊ वाजले, हे बसलेले. ऐकताना मान डोलवत होते, म्हणजे झोपलेले नव्हते. ताई गात राहिल्या. बद्रीजींनी माझ्याकडं पाहिलं, मी आभाळाकडं पाहिलं. दहा वाजले, वर्कशॉपचं शटर मनातल्या मनात उघडलं आणि मनातच बंद केलं. विहीर झाली, लिंब झाला, गाय झाली, गायीचं वासरू झालं. ढोलकावर माझी बोटं लागत होती की नाही, मलाच कळेना. साडेदहा होऊन गेल्यावर त्या गृहस्थांनी हळूच हात वर केला, शाळेतला मुलगा करतो तसा.

"बाई, एक विनंती करू का?"

"करा ना काका. कुठलं गाणं?"

"गाणं नको. मला घरी जायचंय. सकाळच्या गोळ्या राहिल्यात. पण तुम्ही माझ्या एकट्यासाठी गाताय, मध्येच उठायचं तरी कसं? तुम्ही थांबलात की मी उठतो."

"काका, तुम्ही उठलात की आम्ही थांबतो," ताई म्हणाल्या.

 मग बद्रीजी पेटीवर डोकं टेकून असे हसले की पेटीतून आपोआप सूर निघाला. साडेतीन तास! ते आमच्या मानाखातर बसलेले, आम्ही त्यांच्या मानाखातर गात असलेले. इंदूरच्या मराठी माणसांशिवाय असला घोळ कोणी घालू शकत नाही. त्यांना व्हॅनमधून घरी सोडलं, गोळ्या घेतल्या की नाही ते दारात उभं राहून पाहिलं, आणि त्यांच्याच घरी कपभर चहा प्यायलो.

त्या दिवसापासून टोपीवाले काका आमचे चौथे सभासद झाले. वाद्य नाही, गळा नाही, काम एकच. वेळ झाली की उठायचं. काय उठायचे! आधी मफलर नीट करायचे, मग टोपी कानांवर ओढायचे, मग दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून सावकाश उभे राहायचे आणि ताईंना नमस्कार करायचे. ते उठले की उरलेलेही उठायचे. ताईंची ओळ पूर्ण व्हायची. शब्द राखला जायचा आणि गळाही.

एकदा मी त्यांची चेष्टा केली, "काका, तुम्ही आमचे शत्रू. रंग चढला की उठता."

ते म्हणाले, "दिनकरराव, तुम्ही बाईंच्या बाजूला उभे असता. तुम्हाला त्यांची पाठ दिसते. मला समोरून गळा दिसतो."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

खरं तर मलाही काही गोष्टी दिसत होत्या. आम्ही सुरुवात केली तेव्हा ताई काळी चारमध्ये गायच्या. म्हणजे चांगल्या उंच पट्टीत. काही वर्षांनी बद्रीजींनी न बोलता पेटी पांढरी पाचवर आणली. आणखी काही वर्षांनी काळी तीन. मी ढोलकाच्या कड्या त्या मानानं खाली सरकवल्या. आवाज उतरत होता हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघंही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. फक्त पेटी आणि ढोलक खाली सरकत गेले, जसं घरात म्हाताऱ्या माणसाची खाट गुपचूप जिन्यापासून दूर सरकवतात.

मग काका मुलीकडं नागपूरला जायला निघाले, कायमचे. शेवटच्या सकाळी त्यांनी मला विचारलं, "दिनकरराव, माझ्यानंतर उठायचं कोणी?"

आणि माझ्या अंगात परत तो नट शिरला. मी हात पसरून म्हणालो, "काका, तुमच्या जागी आख्खं इंदूर उठेल!"

ते हसले नाहीत.

राऊची गोष्ट त्यानंतरची. मी टाळत आलोय, पण आता लिहितो.

इंदूरजवळच्या राऊला एक नवी कॉलनी. गणपतीचा मंडप, खुर्च्या, नीट माईक, संध्याकाळची वेळ. इतकी चांगली व्यवस्था आम्हाला क्वचितच मिळायची, आणि चांगली व्यवस्था मिळाली की माझं तोंड आणखी मोठं होतं. मी जुनी घोषणा अशी काही केली की मंडपाच्या कनाती हलल्या. "एक जरी माणूस बसलेला असेल, तोपर्यंत!" शिट्ट्या पडल्या.

दोन तासांनी आरती, प्रसाद होऊन लोक घरी गेले. तीन गृहस्थ पहिल्या रांगेत बसून राहिले. मंडळाचेच. चांगली, हसतमुख माणसं. त्यांनी आपसांत कचोरीची शर्त लावली होती, हे नंतर कळलं. ये लोग कब तक गाते हैं, देखते हैं. एकानं पाय पसरले. दुसऱ्यानं घरून भुट्ट्याचा कीस मागवला.

ताई गात राहिल्या. पावसाळी हवा, दमट. ढोलक भिजल्यासारखा वाजत होता, मी तो बदडत होतो, आणि माझ्या बदडण्याच्या वर आवाज काढण्यासाठी ताई ताणत होत्या. तीन गाण्यांनंतर त्यांनी गळ्यावर हात ठेवला. एकदा माझ्याकडं पाहिलं. बद्रीजी पुटपुटले, "दिनूभिया, बस कर अब."

मी थांबवू शकत होतो. ढोलकावरचा हात उचलला असता तरी गाणं पडलं असतं. घोषणा माझी होती, माईक माझ्याजवळ होता. त्या तिघांना हात जोडून "आता उठा, साहेब" म्हणायला मला कितीसा वेळ लागला असता? पण पहिल्या रांगेतून "क्या बात है!" असा आवाज आला आणि मी, तुम्हाला खोटं वाटेल, आणखी एक तुकडा वाजवला. तिघांसाठी. शर्त लावून बसलेल्या तिघांसाठी.

ताईंनी शेवटी बैलगाडीचं गाणं घेतलं. बाबा झाले, काका झाले, मावशी झाली, भाऊ झाला. "हळू हाक गाडी दादा, मागं उभी माझी..." आणि तिथं आवाज गेला. चिरकला नाही, फाटला नाही. फक्त गेला. ओठ हलत होते. त्या पाणी प्यायल्या, परत तोंड उघडलं. काही नाही.

ते तिघं ताडकन उठले. "अरे मैडमजी, हमको तो मज़ाक लगा था!" एकजण पळत जाऊन गरम पाणी घेऊन आला, दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचा राग मला कधीच आला नाही. त्यांना काय माहीत, की या शहरात एखादी बाई गड्याच्या बढाईला शपथ समजते.

परत येताना व्हॅनमध्ये कोणी बोललं नाही. ताईंना बोलता येत नव्हतं, आणि आम्हाला तोंड नव्हतं.

डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्राच्या पडद्यांना सूज, गाठी, बरंच काही सांगितलं. बरीच वर्षं साठत आलेलं होतं, म्हणाले. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. पुढं बोलण्यापुरतं येईल. गाण्याचं विसरा.

ताईंनी घरातून जुनी पाटी काढली, मास्तरकीच्या दिवसांतली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यावर लिहिलं होतं, "डॉक्टर चांगले आहेत. तुझ्यासारखे बडबडत नाहीत."

मी म्हणालो, "ताई, माझी चूक झाली."

त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "हो."

परत पुसली. "पण शब्द मी पाळत आले. तुला कुठं पाळायचा होता?"

  त्या घरात दोन माणसं गप्प बसलेली, आणि त्यांतल्या एकालाच डॉक्टरांनी सांगितलेलं.

त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की मी किती थकलोय. आधीही थकत असणार, पण दर रविवारी कुठंतरी टाळी मिळायची आणि थकवा पुढच्या रविवारपर्यंत पुढं ढकलला जायचा. आता एकदम सगळे रविवार अंगावर आले. पहाटे पाचला ढोलक खांद्यावर टाकून उतरलेले जिने. व्हॅन बंद पडली म्हणून मानपूरच्या घाटात ढकललेली. डाव्या खांद्याला पट्ट्याची खूण आहे, ती आता जाणार नाही. बद्रीजींचे गुडघे गेले होते. पेटी उचलताना ते 'जय महाकाल' म्हणायचे, पूर्वी भक्तीनं, आता मदतीसाठी. एवढं करून आम्ही लोकांना काय दिलं, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. बागेतल्या त्या गृहस्थाला मुलगी सासरी पोचली की नाही, ते अजून माहीत नाही.

चार-पाच महिने गेले. ताई थोडं बोलू लागल्या, घोगरं, जपून, पण घराबाहेर अजून पाटीच वापरायच्या. एका संध्याकाळी त्यांनी बद्रीजींना आणि मला बोलावलं. पाटी तयार होती.

"राऊचं गाणं अर्धं राहिलंय. माणसं बसलेली असताना मी थांबले."

"बेनजी, वो तो बीमारी थी," बद्रीजी म्हणाले. "उसको थोड़ी गिनते हैं."

ताईंनी पाटीवर बोट आपटलं. 'माणसं बसलेली असताना' या शब्दांवर.

डॉक्टरांकडं मी बरोबर गेलो. त्यांनी बरीच कुरकुर केली आणि शेवटी म्हणाले, "एक गाणं. खालच्या आवाजात, पाच मिनिटं. ढोलक-बिलक नाही, त्याच्या वर आवाज काढावा लागतो. एकाच्या पुढं गेलात तर बोलण्याचीही खात्री मी देत नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लक्ष तुम्ही ठेवायचं."

कोणाला कळवलं नाही. तीच तुकोगंजातली बाग, त्याच टाकीची भिंत, सकाळची सात. बद्रीजींनी पेटी पांढरी दोनवर लावली. इतकी खाली ती पेटी आमच्याकडं कधी वाजली नव्हती. मी सवयीनं ताईंच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्यांनी पाटी दाखवली. "समोर बस."

समोर म्हणजे टोपीवाल्या काकांच्या बाकावर. इतक्या वर्षांत मी त्या बाकावर कधी बसलो नव्हतो. बसलो. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले.

ताई गायला लागल्या.

मला समोरून गळा दिसला. इतकी वर्षं मी त्या आवाजाच्या शेजारी उभा राहून माझाच ढोलक ऐकत होतो. आज मध्ये काही नव्हतं. आवाज जाडसर झाला होता, कडेला खरखर होती, खूप वापरलेल्या भांड्याच्या बुडासारखी. पण बाबा उभे होते. काका उभे होते. मावशी पदरानं तोंड झाकून उभी होती. भावाच्या वेळी ताईंनी श्वास घेतला, आणि मग, राऊला जिथं सगळं गेलं होतं तिथं आल्या.

"हळू हाक गाडी दादा, मागं उभी माझी आई."

आली. आई आली. मी बाकाची कड घट्ट धरली. बद्रीजींचे डोळे मिटलेले होते आणि गाल ओले. राऊचं गाणं पूर्ण झालं. डॉक्टरांचं एक गाणंही.

पेटी थांबायला हवी होती. ताई थांबल्या नाहीत.

"हळू हाक गाडी दादा, मागं उभी माझी विहीर."

बद्रीजींनी डोळे उघडले. विहिरीमागून लिंब आला. मी आजूबाजूला पाहिलं. चालणारे चालत होते, बसलेला कोणी नव्हता. एकच होता. तो मी होतो.

आता तुम्ही म्हणाल, उठायला काय झालं होतं? सांगतो. मी उठलो की गाणं संपणार होतं. आजचं नव्हे, सगळंच. त्यानंतर हा आवाज पुन्हा कुठल्याच बागेत येणार नव्हता. आणि मला तो आजच पहिल्यांदा ऐकू आला होता. एवढं एक कडवं, असं मी स्वतःला म्हणालो. गाय आली. अजून एक. वासरू आलं. बद्रीजी पेटीवरून मला डोळ्यांनी शिव्या घालत होते, अस्सल माळवी. डॉक्टरांचा शब्द कानात होता, राऊची ती तीन माणसं डोळ्यांसमोर होती. ती तरी कचोरीसाठी बसली होती. मी सगळं माहीत असून बसलो होतो.

वासरानंतर ताईंचा आवाज थरथरला. त्यांनी गळ्यावर हात ठेवला. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराकडं पाहावं तसं, आणि कधी न गायलेलं कडवं लावलं,

"हळू हाक गाडी दादा, मागं उभं सारं गाव,
एक तेवढा बसलेला, त्याला उठायला लाव."

मी उठलो.

काकांसारखा. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, सावकाश. टोपी नव्हती, तरी हात कानांकडं गेला. उभा राहिलो आणि नमस्कार केला. माझ्या अंगातल्या नटानं त्या वेळी तोंड उघडलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

ताईंनी ओळ पूर्ण केली आणि थांबल्या. बद्रीजींनी भाता मिटला. बागेत आधी होते तेवढेच आवाज होते, पावलांचे, पोपटांचे, लांब कुठंतरी कचऱ्याच्या गाडीच्या गाण्याचे.

मी जवळ गेलो. ताईंनी पाटी मांडीवर घेतली, खडू शोधला, आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी मोठं वाचायला मिळणार. पाटी वळवली.

"बरं झालं उठलास. दुपारपर्यंतची कडवी काढून ठेवली होती मी."